बुक नंबर ७

श्रावण लागायच्या आधीचा एखादा रविवार. मटणाचा वास जिन्यापर्यंत आलेला असतो आणि लालबागच्या चाळीत दुसऱ्या मजल्यावर चार पोरं चढतात. एकाच्या हातात पेन, दुसऱ्याच्या हातात सुट्ट्या पैशांची पिशवी, तिसरा नुसता हसायला आणलेला आणि चौथा कठड्याला टेकून मोबाइल बघणारा. या चौघांकडे फार लक्ष देऊ नका. ही पोरं दर दोन-तीन वर्षांनी बदलतात. कुणाला नोकरी लागते, कुणाचं लग्न होतं, कुणी विरारला राहायला जातो. बदलत नाहीत ते पहिल्याच्या काखेतले गृहस्थ. त्यांची ओळख करून द्यायची म्हणून तर तुम्हाला दोन जिने चढवले.

हे मंडळाच्या वर्गणीचं पावतीपुस्तक. कागदोपत्री पावतीपुस्तक, घरात नुसतं ‘बुक’. मंडळाची अशी वीसेक बुकं निघतात, त्यातलं हे बुक नंबर ७. दुसरा मजला, खोली २१ ते ४०, हे त्याचं वतन. बाजारातली दुकानं असतात बुक नंबर १ आणि २ कडे. ती मोठ्या रकमांची बुकं, त्यांच्याशी आपलं ७ नंबर जरा फटकून वागतं. तिकडे पैसा आहे पण ओळखदेख नाही, असं त्याचं म्हणणं. ज्याला दुकानं मिळत नाहीत तो दुसरं काय म्हणणार?

अंगाने लांबट, डाव्या खांद्याला दोन जाड पिना, पाठीला पुठ्ठा, पोटात शंभर पावत्या. प्रत्येक पावतीच्या मधून टोच्यांची एक रेघ जाते. उजवीकडचा तुकडा तुमचा, डावीकडचा त्याचा. डावीकडच्या तुकड्याला स्थळप्रत म्हणतात आणि बुकाचा सगळा जीव या स्थळप्रतीत. तुम्ही तुमची पावती देव्हाऱ्यामागे खोचा, टीव्हीखाली सरकवा, नाहीतर तिच्या पाठीवर वाण्याची यादी लिहा, बुकाला त्याचं काही नाही. स्थळप्रत मात्र ते मरेपर्यंत कुणाला देत नाही.

तोरा भारी आहे. मुखपृष्ठावर गेल्या वर्षीच्या मूर्तीचा रंगीत फोटो, वर ‘॥ श्री गणेशाय नमः ॥’, खाली ‘वर्ष’ आणि आकडा. हा आकडा शेजारच्या गल्लीपेक्षा दोनने कमी असला की हे आठवडाभर तोंड पाडून असतं. लालबागेत हे दुखणं जुनंच. चिंचपोकळीचा चिंतामणी १९२० चा, गणेश गल्ली १९२८ ची, लालबागचा राजा १९३४ चा. या सगळ्यांनी मूर्तीची उंची कितीही वाढवू दे, गिरगावातल्या केशवजी नाईकांच्या चाळीचं बुक १८९३ हे साल नुसतं दाखवतं आणि सगळ्यांना खाली बसवतं. तिथली मूर्ती अजून लहानशीच, पालखीतून जाते. ज्याचं साल जुनं त्याला मूर्ती मोठी लागत नाही.

आता त्याची खरी खोड सांगतो. बुकाकडे रकाने तीनच: नाव, खोली नंबर, रक्कम. रक्कम दोनदा, एकदा आकडी, एकदा अक्षरी. ‘आपण देव मानता काय?’ हे विचारायला जागाच ठेवलेली नाही. असती, तर तिथे कुठल्या तरी मिठाईवाल्याची जाहिरात छापली गेली असती. सरकार मात्र विचारतं. २०११ च्या जनगणनेत अख्ख्या देशातून स्वतःला नास्तिक लिहवून घेणारे साधारण ३३ हजार निघाले. म्हणजे जवळजवळ सगळे एका वानखेडे स्टेडियममध्ये बसतील. त्यातले साडेनऊ हजारांवर आपल्या महाराष्ट्रातले. बुकाला हा आकडा अजिबात पटत नाही. त्याचा अनुभव असा, की इतके तर दादर ते परळ याच पट्ट्यात सापडतील. जनगणनेवाला आला तेव्हा दार आईने उघडलं, एवढंच.

नास्तिकांचा त्याचा अभ्यास दांडगा आहे. दादरच्या हिंदू कॉलनीत त्याचा एक चुलतभाऊ फिरतो, त्याने सांगितलेली गोष्ट. एक निवृत्त प्राध्यापक दरवर्षी पोरांना दारात उभं करून चार्वाकापासून रसेलपर्यंत पाऊण तास ऐकवतात. पोरं शांतपणे ऐकतात, कारण मधे कोकम सरबत येतं. भाषण संपलं की प्राध्यापक खिशातून पाचशे एक रुपये काढतात आणि बजावतात, ‘हे मूर्तीसाठी नाहीत हं, वह्यावाटपासाठी. तसं लिही.’ पोरगा रकमेपुढे कंसात ‘वह्यावाटप’ लिहितो. सगळे पैसे एकाच डब्यात पडणार हे पोराला ठाऊक असतं, प्राध्यापकांनाही ठाऊक असतं. बुक त्यातून एवढंच शिकलं, की तत्त्व ही रकमेपुढे कंसात लिहायची गोष्ट आहे.

खोली ३४ मधला मुलगा नवशिका. कानातला इअरफोन न काढता म्हणाला, ‘मी मानत नाही.’

‘काय मानत नाहीस?’

‘देव.’

‘बरं. मग किती लिहू?’

या प्रश्नाला रसेलकडेही उत्तर नसावं. मुलाने आत पाहिलं, आतून आईचा हात पुढे आला, एकशे एक. आगमनाच्या रात्री हाच मुलगा ढोलपथकात पहिल्या रांगेत होता आणि ताशा वाजवताना त्याचे डोळे मिटलेले होते. बुक टोमणा मारत नाही. मंडळाची पोरं मारतात.

खोली ३९ समोर मात्र त्याचा आवाज आपोआप खाली येतो. तिथे ‘मानत नाही’ हा वादाचा पवित्रा नाही. आजोबांनी १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला बाबासाहेबांबरोबर दीक्षा घेतली, तेव्हाच्या बावीस प्रतिज्ञांमधल्या तिसऱ्या प्रतिज्ञेत गौरी-गणपतीचं नाव घेऊनच त्यांना देव मानणार नाही असं म्हटलेलं आहे. बुक तिथे वर्गणी मागत नाही. पोरं विचारतात, ‘दादा, रक्तदान शिबिराला येणार ना?’ दादा दोन नावं देतात, स्वतःचं आणि भावाचं. एप्रिलमध्ये निळ्या मुखपृष्ठाचं दुसरं एक बुक त्याच जिन्याने उतरतं, १४ तारखेच्या जयंतीचं, आणि खोली २२ मधले आपल्या मंडळाचे अध्यक्ष त्याच्यावर पावती फाडतात. दोन्ही बुकं जिन्यात एकमेकांना वाट देतात. सगळ्या चाळींत असंच चालतं असं मी म्हणणार नाही. जिथे कुठलंच बुक पलीकडच्या दारापर्यंत जात नाही, अशा चाळीही याच रस्त्यावर आहेत.

त्याचा आवाज खाली येण्यामागे आणखी एक कारण असावं. घराण्यातली एक शरमेची गोष्ट. १९२६ साली दादरच्या सार्वजनिक गणेशोत्सवात वर्गणी सगळ्यांकडून घेतली जाई, अस्पृश्यांकडूनही, पण पूजेच्या वेळी त्यांनी लांब राहायचं. प्रबोधनकार ठाकऱ्यांनी सरळ सवाल केला: पैसा सार्वजनिक, मग पूजा का सार्वजनिक नाही? प्रबोधनकार काही नास्तिक नव्हते, पण देवळांच्या धर्मावर त्यांची लेखणी कशी चालायची ते महाराष्ट्राला माहीत आहे. ऐकत नसाल तर मूर्ती फोडीन, इथपर्यंत ते गेले. मग तडजोड निघाली. दलित कार्यकर्त्याने हातातली फुलं पुजाऱ्याला द्यायची आणि पुजाऱ्याने ती मूर्तीला वाहायची. पुढे तो उत्सवच बंद पडला आणि त्याच वर्षी प्रबोधनकारांनी दादरला सार्वजनिक नवरात्र मांडलं. देवाच्या दारातल्या भांडणात वर्गणीचा हिशोब कामी आला, हे त्या दिवशी दिसलं. ज्याची पावती फाडली त्याला दारात उभं करता येत नाही, हे बुकाला तेव्हापासून कळायला हवं होतं. थोडंफार कळलंही.

आणि आता खोली २७.

इथे आलं की बुकाची चाल बदलते. भिंतीवर एका खिळ्याला मार्क्स टांगलेला, खालच्या फळीवर काकूंचा देव्हारा. मधे फार तर दीड हात अंतर. सकाळची उदबत्ती वर वर जाते ती मार्क्सच्या दाढीपर्यंत पोचते आणि काच पिवळी पडते. दिवाळीला ती काच काकूच पुसतात. काका गिरणीत मागावर होते, लाल बावट्याच्या युनियनचे. परळच्या दळवी बिल्डिंगीत त्यांची जवानी गेली. चाळ त्यांना कॉम्रेड म्हणते, पोरं काका म्हणतात, काकू ‘अहो’ म्हणतात.

पोरं दारात आली की काका चष्मा लावून हात पुढे करतात. पैशांसाठी नव्हे, बुकासाठी. ‘आण इकडे.’ मग ते बुक वाचायला लागतात. नोंदणी क्रमांक आहे का? धर्मादाय आयुक्तांच्या परवानगीचा नंबर छापलाय का? पावती क्रमांक मधूनच उडी तर मारत नाही ना? अख्ख्या मजल्यावर बुक वाचणारा माणूस हा एकच. बाकीचे भाविक लोक नुसते पैसे देतात. आणि पुस्तक कसलंही असो, त्याला वाचक मिळाला की ते विरघळतंच. ७ नंबरचं काकांवर प्रेम आहे ते इथून.

वाचून झालं की शिकवणी. ‘अक्षरी लिहिताना शेवटी ‘फक्त’ लिहायचं. ‘एकशे एक फक्त.’ ‘फक्त’ विसरलास तर पुढे कुणी काहीही जोडेल.’ पोरं मान डोलावतात. मागच्या पिढीतली पोरं आज मंडळाचे सल्लागार आहेत, तीही ‘फक्त’ विसरत नाहीत.

याच ‘फक्त’मुळे एका वर्षी सभेत ठराव आला, की हिशोब तपासनीस म्हणून खोली २७ ला घ्यावं. एक जण उठून म्हणाला, ‘अहो, पण ते देव मानत नाहीत.’ त्यावर जुने चिटणीस जे बोलले ते चाळीत अजून सांगतात. देव मानणारा माणूस पेटीत हात घालील आणि संध्याकाळी आरतीला देवाची माफी मागून मोकळा होईल. कॉम्रेडला माफी मागायला वर कुणीच नाही. ठराव एकमताने मंजूर.

काका वर्गणी का देतात, हा प्रश्न मात्र बुकाला बरीच वर्षं छळत होता. उत्तर त्याला काकांच्या कपाटात मिळालं असणार. तिथे खालच्या कप्प्यात दोरीने बांधलेला एक गठ्ठा आहे, सगळ्या पावत्यांच्या स्थळप्रती. युनियनची वर्गणी, पक्षाचा फंड, ‘युगांतर’ साप्ताहिकाचे वर्गणीदार. म्हणजे बुकाचे सख्खे नातेवाईक, फक्त वर श्रीगणेशाच्या जागी विळा-हातोडा. १९२८ च्या सहा महिन्यांच्या संपातून गिरणी कामगार युनियन उभी राहिली ती अशाच पावत्यांवर, चाळीचाळींतून, जिने चढून. ज्याने स्वतः रविवारी सकाळी दुसऱ्याच्या दारात पेन घेऊन उभं राहून ‘पुढच्या आठवड्यात या’ ऐकलंय, त्याला बुक हातात घेतलेल्या पोराला परत पाठवता येत नाही.

नास्तिकांनाही वर्गणी लागते, हे बुकाला तसं उशिरा कळलं. ज्या चौपाटीवर त्याचा बाप्पा दरवर्षी पाण्यात जातो, तिच्यासमोरच्या विल्सन कॉलेजात र. धों. कर्वे गणित शिकवायचे. संततिनियमनाचा प्रचार करतात म्हणून १९२५ मध्ये नोकरी सुटली. १९२७ मध्ये ‘समाजस्वास्थ्य’ काढलं आणि १९५३ मध्ये मरेपर्यंत ते चालवलं. देव नाही म्हणायचे ते ठणकावून. खटले झाले, एकात तर बाबासाहेब आंबेडकर वकील म्हणून उभे राहिले. वर्गणीदार मोजके, पदरचे पैसे घालून अंक निघायचा. त्या माणसाच्या दारात मंडळाचं बुक कधी गेलं असेल का, मला सांगता येणार नाही. पण गेलं असतं तर दोघांनी एकमेकांची अडचण ओळखली असती.

आणि बुकाच्या खानदानी दिमाखात एक गोष्ट नेहमी गाळली जाते, ती मी सांगतो. उत्सव सार्वजनिक करण्याचं श्रेय हे लोक ज्या टिळकांना देतात, ते टिळक १८८२ मध्ये मुंबईतच डोंगरीच्या तुरुंगात एकशे एक दिवस होते, आणि कोठडीतला सोबती होता गोपाळ गणेश आगरकर. पुढे नास्तिक म्हणून ओळखला गेलेला, आणि सुधारकी मतांपायी ज्याची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली गेली तो. कोठडीत दोघांचे वाद चालायचे. बाहेर आल्यावर काही वर्षांनी वाट फुटली, वर्तमानपत्रं वेगळी झाली, कडवट लिहिलं गेलं. पण १८९५ मध्ये आगरकर गेले तेव्हा टिळकांना मृत्युलेख लिहिणं जड गेलं. आगरकरांच्या घरात यशोदाबाई आपलं सोवळं पाळत होत्या आणि नवऱ्याने त्यांना कधी अडवलं नाही. आणि जाताना उशाला एक पुडी निघाली, आपल्या अंत्यविधीच्या खर्चाचे पैसे बांधून ठेवलेली. म्हणजे स्वतःची शेवटची वर्गणीही या माणसाने आगाऊ भरली होती. ‘फक्त’ लिहायला विसरला नसेल, असं खोली २७ चं मत.

१९८२ च्या संपाचं बुक अजून मंडळाच्या ट्रंकेत आहे. त्या जानेवारीत अडीच लाख गिरणी कामगार बाहेर पडले, ते गणपतीपर्यंत बाहेरच होते. ७ नंबर घरोघर गेलं तेव्हा कुणी दोन रुपये दिले, कुणी एक, कुणी म्हणालं, ‘लिहून ठेव, संप मिटला की देतो.’ त्या बुकात अकरा पावत्या फाडलेल्याच नाहीत. नाव आहे, खोली आहे, रकमेच्या जागी नुसती रेघ. हिशोबाच्या नियमाने त्यांच्यावर ‘रद्द’ लिहायला हवं होतं. तपासनिसांनी लिहिलं नाही. नियमाचा एवढा काटेकोर माणूस, पण त्या अकरा पावत्यांबद्दल विचारलं की अजून कानाने कमी ऐकू येतं.

बुकाचा राग म्हणाल तर तो खाडाखोडीवर. एक काट मारली तरी त्याला दिवसभर चैन पडत नाही. पूर्ण आयुष्यात त्याने एकच खाडाखोड मनापासून सोसली. तिची गोष्ट अशी.

डॉ. श्रीराम लागू आणि डॉ. नरेंद्र दाभोलकर यांचा वादसंवादाचा कार्यक्रम महाराष्ट्रात गावोगाव झाला होता. लागू सरळ म्हणायचे, परमेश्वराला आता रिटायर करा. दाभोलकर त्याच व्यासपीठावरून म्हणायचे, आमच्या अंधश्रद्धा निर्मूलन समितीचं देवाधर्माशी भांडण नाही, त्यांच्या नावाने होणाऱ्या शोषणाशी आहे. काका लागूंच्या बाजूचे. मंडळाचा आताचा चिटणीस दाभोलकरांच्या बाजूचा, कारण त्याच्या मते गणपती तसाही दहा दिवसांच्या कंत्राटावर असतो, त्याला रिटायर काय करणार! दोघांचं यावर गॅलरीत वर्षानुवर्षं जुंपायचं.

२० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात दाभोलकरांना गोळ्या घातल्या. गणेश चतुर्थी ९ सप्टेंबरला होती, त्यामुळे बुकं बाहेर पडलेली होती. त्या रविवारी पोरं खोली २७ शी आली तेव्हा काकांनी बुक वाचायला मागितलं नाही. नोटा पुढे केल्या.

‘नाव काय लिहू, काका? तुमचंच ना?’

काकांनी नाव सांगितलं. पोराने नेहमीच्या सवयीने लिहिलं, ‘कै. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्या स्मरणार्थ.’

‘कै. काढ.’

‘आँ?’

‘कै. म्हणजे कैलासवासी. ते कुठल्या कैलासाला मानत नव्हते. काढ ते.’

पोरगा घुटमळला. बुकात काट मारायची नाही हे काकांनीच शिकवलेलं. मग त्याने ‘कै.’वर एक आडवी रेघ ओढली आणि काकांच्याच नियमाने बाजूला छोटी सही केली. वर ‘॥ श्री गणेशाय नमः ॥’, खाली ते नाव, पुढे दोनशे एक फक्त. स्थळप्रत आहे. चिटणिसाने त्या वर्षी गॅलरीत वाद काढला नाही.

सगळी बुकं अशीच सुस्वभावी, असा समज करून घेऊ नका. याच भागात अशी बुकं आहेत, की जी दुकानात शिरताना रक्कम आधीच लिहून आणतात. त्यांच्याबरोबरची पोरं हसत नाहीत. नवीन दुकानदाराला ‘श्रद्धेने द्या’ म्हणतात आणि श्रद्धेचा आकडा चारशून्यी असतो. असल्या बुकासमोर आस्तिक-नास्तिक भेद उरत नाही, दोघेही निमूट खिशात हात घालतात. ७ नंबर त्यांच्याशी नातं सांगत नाही. सांगितलं तरी लांबचं सांगतं. पण छापखाना एकच आहे, हे ते नाकारू शकत नाही.

अलीकडे त्याला नवीच काळजी लागली आहे. पोरांच्या गळ्यात आता प्लास्टिकच्या कार्डावर क्यूआर कोड लटकतो. खोली ३४ वाला पलंगावरून न उठता पैसे पाठवतो आणि पावती व्हॉट्सअ‍ॅपवर येते. समोरच्या टॉवरमध्ये तर वॉचमन खालीच अडवतो, वर फक्त लिंक जाते. लिंकेला खोली नंबर कळतो, पण कोकम सरबत मिळत नाही. भाषणही ऐकावं लागत नाही. बुक यावर उघडपणे काही बोलत नाही, पण त्याच्या पिना हल्ली लवकर गंजतात.

अनंत चतुर्दशीनंतरच्या दुसऱ्या रविवारी सगळी बुकं खोली २७ मध्ये जमा होतात. उजवे तुकडे गेलेले, नुसत्या स्थळप्रतींची हडकलेली बुकं. काका जमिनीवर सतरंजी घालून बसतात, लाल पेन्सिल, जुना हिशोबाचा फळा आणि बाजूला अहवालाचा कच्चा मसुदा. अहवालाचं पहिलं वाक्य दरवर्षी ठरलेलं: ‘श्रींच्या कृपेने यंदाचा उत्सव निर्विघ्नपणे पार पडला.’ काका दरवर्षी ‘श्रींच्या कृपेने’ खोडून ‘कार्यकर्त्यांच्या मेहनतीने’ करतात. चिटणीस दरवर्षी छापखान्यात जाऊन ते परत पहिल्यासारखं करतो. यंदा चिटणिसाने ‘श्रींच्या कृपेने व कार्यकर्त्यांच्या मेहनतीने’ असं लिहून आणलं. काकांनी बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, ‘क्रम कुणी ठरवला?’

मग बुकं. १ नंबर, २ नंबर, भराभर. ७ नंबर आलं की काका हळू होतात. खोली २१, बरोबर. २२, बरोबर. २४ ला पोराने अक्षरी ‘एकावन’ लिहिलंय, एक ‘न’ कमी. काकू आत प्रसादाचा उरलेला मोदक तुपात गरम करतायत.

इथे एक गोष्ट सांगायला हवी, जी मजल्यावर सगळ्यांना ठाऊक आहे. दरवर्षी पोरं खोली २७ मधून निघाली, की जिन्याच्या वळणावर काकू त्यांना गाठतात. पाण्याची कळशी खाली ठेवून पदराची गाठ सोडतात, एकावन्न रुपये. ‘माझ्या नावावर फाड. अभिषेकाला. आणि यांना सांगू नकोस.’ पोरं शपथेवर सांगत नाहीत. शपथ गणपतीची.

काकांची पेन्सिल पान उलटते. पावती क्रमांक ६०७, खोली २७, दोनशे एक फक्त, कंसात वह्यावाटप. लाल टिक. पावती क्रमांक ६०८, खोली २७, सौ., एकावन्न फक्त, कंसात अभिषेक. काका आत स्वयंपाकघराकडे एकदा पाहतात. लाल टिक.

‘मोदक आणू का हो?’ आतून आवाज येतो.

‘आण,’ काका म्हणतात आणि ६०९ काढतात. खोली २८.